उद्या पुन्हा जाता येईल एवढेच

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणारी अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरात असते. २०१९ च्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा झाली. आयर्नमॅन मालिकेतली भारतातली ती पहिलीच. अरबी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. स्पर्धेच्या तारखेपासून वीस आठवडे मागे मोजत गेले की बोट जूनवर येऊन थांबते. म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी ट्रायथलीटांचा नेमाचा सराव सुरू होतो तो पहिल्या पावसाबरोबर, आणि तो ऐन भरात येतो तेव्हा गणपती, पितृपक्ष, नवरात्र एकामागून एक दारात उभे असतात. घाटात धुके, रस्त्यावर खड्डे, समुद्र खवळलेला, तलाव गढूळ आणि घरात पाहुणे. परदेशी पुस्तकांतले सरावाचे तक्ते ज्या कोरड्या, लांब दिवसांच्या उन्हाळ्यासाठी आखलेले असतात, तो उन्हाळा या सगळ्यात कुठेच नसतो.

म्हणून हे पुस्तक. फ्रीस्टाइलचे तंत्र, सायकलचे माप, बुटांची निवड यांवर आज हवी तेवढी माहिती मिळते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने सहा-सात महिने सराव टिकवायचा कसा, याबद्दल मात्र जे सांगितले जाते ते बहुधा घोषणांच्या स्वरूपात असते. जिद्द ठेवा, कारणे देऊ नका, स्वतःला हरवा. ही वाक्ये ऐकून पहाटे उठलेली माणसे मी पाहिली आहेत. ती आठवडाभर उठतात. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसची रात्रीची मीटिंग लांबते, मुलाला ताप येतो, गुडघा कुरकुरू लागतो, आणि मग त्यांना वाटते की आपल्यात जिद्द कमी पडली. जिद्द पुरेशी असते. कमी पडते ती आखणी, आणि आखणी शिकता येते, या विश्वासावर पुढची सगळी प्रकरणे लिहिलेली आहेत.

या खेळाचा, म्हणजे ट्रायथलॉनचा, इतिहास फार जुना नाही. पोहणे, सायकल आणि धावणे एकत्र गुंफलेली स्पर्धा सप्टेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. ४६ जण उतरले होते. त्यांत नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी हेही होते. पुढे हवाई बेटांत बदली झाल्यावर, पोहणारा अधिक दमाचा की सायकलवाला की धावणारा या वादातून कॉलिन्स दांपत्याने ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकाच दिवसात जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ पोहोचले, आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणे ही पूर्ण आयर्नमॅनची अंतरे तेव्हापासूनची. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथले अंतर बरेच कमी, १.५, ४० आणि १० किलोमीटर.

पण या खेळाला जगभर ओळख दिली ती फेब्रुवारी १९८२ मधल्या एका दृश्याने. ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रबंधासाठी हवाईच्या स्पर्धेत उतरली होती. बायकांमध्ये ती सगळ्यांच्या पुढे होती. अखेरच्या टप्प्यात तिच्या पायांनी साथ सोडली. ती पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिच्या शेजारून पुढे निघून गेली आणि जिंकली. मॉस हातापायांवर सरपटत रेषेपर्यंत गेली, अवघ्या २९ सेकंदांनी दुसरी. टीव्हीवर ते पाहून हजारो लोकांना या खेळाचे वेड लागले. मॉसबद्दल मला अपार आदर आहे. तरीही त्या चित्राने नव्या माणसांचे एक नुकसान केले असे माझे मत आहे. जितका त्रास तितका सराव चांगला, असे त्यांच्या मनात बसले. स्पर्धेच्या अखेरच्या शंभर मीटरांत जे शोभते ते जूनमधल्या मंगळवारी करायला गेले की माणूस गुरुवारी घरी बसतो.

ते दृश्य पाहणाऱ्यांत मार्क ॲलन हा तरुण होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो हवाईला जाऊन उतरला. पुढची अनेक वर्षे तो जगातल्या उत्तम ट्रायथलीटांत गणला जात होता, पण हवाईची स्पर्धा त्याला जिंकता येईना. सहा वेळा तो तिथून हरून परतला. १९८९ मध्ये सातव्या वेळी त्याने सहा वेळच्या विजेत्या डेव्ह स्कॉटला ५८ सेकंदांनी मागे टाकले, आणि त्यानंतर तीच स्पर्धा आणखी पाच वेळा जिंकली. त्याच्या जय-पराजयापेक्षा त्याच्या सरावातला एक बदल या पुस्तकासाठी अधिक मोलाचा आहे. सुरुवातीला तो रोज जोर लावून धावायचा. मैलाला साडेपाच मिनिटांच्या आतबाहेरचा वेग नसेल तर तो सराव त्याला सराव वाटत नसे. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांनी त्याच्या छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि मिनिटाला १५५ ठोक्यांच्या वर जायचे नाही असे सांगितले. त्या मर्यादेत राहायचे म्हणून त्याला मैलाला सव्वाआठ मिनिटांपर्यंत खाली यावे लागले. जगातल्या अव्वल खेळाडूला तो वेग म्हणजे जवळजवळ चालण्यासारखा. तो त्या वेगाने धावत राहिला. वर्षभराने तेवढ्याच ठोक्यांवर तो मैलाला पाच मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास धावत होता.

हे कसे घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सातत्याचा सगळा प्रश्न इथे सुटतो. संथ, लांब श्रमात शरीर मुख्यतः प्राणवायूच्या आधारे चरबी जाळते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. हे बदल आठवड्यांत आणि महिन्यांत होतात, एका दिवसाच्या पराक्रमाने होत नाहीत. आणि संथ श्रमाचा थकवा एका रात्रीच्या झोपेत उतरतो. जोरकस सरावाचा उतरायला दोन-तीन दिवस लागतात. स्नायूबंध आणि हाडे तर हृदयापेक्षाही मागे असतात. दम दोन महिन्यांत वाढतो, पण पोटरीचा शेवट जिथे टाचेला जोडलेला असतो तिथला बंध अजून तयार झालेला नसतो. नवे धावक जखमी होतात ते बहुधा याच फटीत.

म्हणून या पुस्तकात सरावाची पहिली कसोटी एकच धरली आहे: आज जे केले ते उद्या पुन्हा करायला जाता येईल का? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते का, एवढी साधी परीक्षा त्यासाठी पुरते. आठवड्यातले बहुतेक तास या बोलत्या वेगात जावेत, आणि एक किंवा दोन वेळाच जोर लावावा. पुण्यात कात्रज किंवा बोपदेव घाटात गटाने सायकल चालवणाऱ्यांना हे सर्वांत अवघड जाते, हे मी जाणतो. पुढच्याचे चाक सुटू द्यायला मन धजत नाही. तरी सुटू द्यावे. चढावर मागे राहिलेला माणूस माथ्यावर चहाला भेटतोच, आणि सोमवारी तो पोहायलाही गेलेला असतो.

आता प्रेरणेबद्दल. प्रेरणा आधी आणि कृती नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. अनुभव उलटा आहे. पहाटे पावणेपाचला गजर वाजतो तेव्हा बहुतेकांना जावेसे वाटत नसते, अगदी वर्षानुवर्षे जाणाऱ्यांनाही. पंधरा मिनिटे धावून झाल्यावर ते वाटू लागते. मग गजर आणि ती पंधरा मिनिटे यांमधले अंतर पार करायचे कशाच्या बळावर? ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयरोगाचे धोके पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि शिवाय पुढच्या आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहून काढले. नुसता प्रेरक मजकूर वाचलेला गट पहिल्या गटापेक्षा पुढे गेला नाही. दोन्हींत शंभरातल्या चाळीसांनीही व्यायाम केला नाही. लिहून काढलेल्या गटातल्या ९१ टक्क्यांनी केला.

मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो. ज्यांना आपला स्वभावच आळशी आहे असे वाटते त्यांना हातात धरण्यासारखे यात काहीतरी आहे. ‘या आठवड्यात तीनदा पोहायचे’ असे ठरवू नये. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, ऑफिसला जाताना साडेसहाच्या बॅचला, पिशवी आदल्या रात्री गाडीत’ असे ठरवावे. त्यात पिशवी गाडीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा. गॉगल, टोपी, टॉवेल, ऑफिसचे कपडे, डबा हे सकाळी अंधारात गोळा करायचे असेल तर ते न करण्याला शंभर कारणे सापडतात. पहाटे पाचचा सराव रात्री दहाला सुरू होतो, असे मी नव्या माणसांना नेहमी सांगतो, आणि त्यात झोपही आली. रात्री बारापर्यंत फोन पाहून पाचला उठणारा माणूस काही दिवस टिकतो, नंतर आजारी पडतो.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट विचार न करता हातून होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिण्याची सवय लवकर जडते, व्यायामाची उशिरा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जिला मी या पुस्तकाचा आधार मानतो: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही.

चुकलेल्या दिवसाचे काय करायचे, या एका प्रश्नावर अनेकांचा सराव मोडतो. गौरी-गणपतीत चार दिवस गेले की पाचव्या दिवशी चारही दिवसांची भरपाई करायला माणूस निघतो. तिथून दुखणे सुरू होते. किंवा याच्या उलट, आता तक्ता बिघडलाच तर दिवाळीनंतर नव्याने पाहू, असे म्हणून तो सगळेच सोडतो. गेलेला सराव गेला, तो भरून काढायचा नाही, आजच्या रकान्यात जे आहे ते करायचे, हा नियम ऐकायला सोपा आहे आणि पाळायला कठीण. शरीराकडून त्याला पाठिंबा आहे. चार दिवसांच्या विश्रांतीने दम कमी होत नाही, कित्येकदा पाय ताजे होतात. दोन आठवडे पूर्ण बंद राहिले तर थोडा उतरतो; त्यातला बराचसा भाग रक्तातला प्लाझ्मा कमी झाल्याचा असतो आणि सराव सुरू केल्यावर तो लवकर परत येतो. अनेक महिन्यांत उभे राहिलेले केशवाहिन्यांचे जाळे पंधरवड्यात विरून जात नाही.

सणांना अडथळा मानू नये असेही मला वाटते. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावाच लागतो, त्याशिवाय शरीर केलेल्या कामाचा फायदा पदरात पाडून घेत नाही. मग तो हलका आठवडा पंचांग पाहून का ठेवू नये? गणपतीचे पहिले पाच दिवस, नवरात्रातले उपवासाचे दिवस, घरातले लग्न, मुलांच्या परीक्षा हे सगळे आधी तक्त्यात लिहावे आणि मग त्यांच्या अवतीभोवती कठीण आठवडे बसवावेत. उपवास करणाऱ्यांनी त्या दिवसांत लांब सायकल आणि त्याला जोडून धावणे, ज्याला ब्रिक म्हणतात, ते ठेवू नये. दोन-तीन तासांच्या श्रमाला तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदके लागतात. केळी, खजूर, चिक्की, गूळ-लिंबाचे मीठ घातलेले पाणी काहीही चालेल, पण काहीतरी हवे.

पावसाळ्याचे तसे नाही. तो टाळता येत नाही आणि सजवूनही सांगता येत नाही. ओल्या रस्त्यावर सायकलचा ब्रेक उशिरा लागतो, पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, आणि घाटात धुक्यातून येणाऱ्या ट्रकला आपण दिसत नाही. जून ते सप्टेंबर बहुतेक सायकल घरात, होम ट्रेनरवर चालवावी असे मी आग्रहाने सांगतो. ते कंटाळवाणे आहे. पंखा समोर लावूनही घामाचे थारोळे होते. पण ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय एक क्षण थांबत नाहीत, त्यामुळे तिथला एक तास रस्त्यावरच्या सव्वा-दीड तासाच्या तोडीचा होतो, आणि ज्याच्या हाताशी पहाटेचा एकच तास आहे त्याला हे वरदान आहे. पावसात धावायला हरकत नाही. कोरडे मोजे आणि बूट वाळायला जुनी वर्तमानपत्रे एवढी तयारी पुरे. गढूळ तलावात मात्र उतरू नये, लेप्टोचा धोका खरा आहे. आणि डेंग्यू-चिकनगुनियाच्या या मोसमात ताप अंगात असताना सराव करणे हा शूरपणा नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि त्यावर श्रमाचा ताण जिवावर बेतू शकतो. ताप गेल्यावरही काही दिवस थांबावे, डॉक्टरांना विचारून परतावे.

पोहण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडची बहुतेक माणसे या खेळात धावण्याकडून येतात आणि पाण्याशी अडतात. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, ही मोठी पुंजी. पण तिथे पोहायचे ते डोके वर ठेवून, पाय जोरात मारत. त्या पद्धतीने दोन किलोमीटर गेले की सायकलवर बसायला पाय उरत नाहीत. श्वास पाण्यात सोडणे, डोके खाली ठेवून अंग लांब करणे, कोपर वर राखून पाणी मागे ढकलणे हे चाळिशीत नव्याने शिकायचे असते. त्यासाठी बळ कामाला येत नाही, वारंवारता येते. रविवारी एकदा दोन तास पोहणाऱ्यापेक्षा आठवड्यातून चारदा अर्धा तास पोहणारा खूप पुढे जातो, कारण पाण्याची जाण मधल्या सहा दिवसांत हातातून निसटते. समुद्राची सवय पावसाळा संपल्यावर आणि कधीही एकट्याने न जाता करावी. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, कोल्हापुरात राजाराम तलावाच्या पाण्यात ट्रायथलॉन झाली आहे. मोठ्या स्पर्धेआधी अशा एखाद्या छोट्या ठिकाणी गर्दीत, भिंत नसलेल्या पाण्यात उतरून पाहिलेले बरे.

आळस आणि थकवा यांत फरक कसा ओळखायचा, हे मला सर्वांत जास्त विचारले जाते. माझे उत्तर असे: कपडे चढवावेत, बाहेर पडावे, दहा मिनिटे अगदी हळू धावावे. अंग मोकळे झाले तर तो आळस होता. दहा मिनिटांनीही पाय शिशाचे असतील तर घरी यावे आणि वहीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण करावी, कारण ठरलेले काम, म्हणजे निघणे, झालेले आहे. अंथरुणातून उठण्याआधीची नाडी रोज मोजत असाल तर ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहिलेली दिसेल. झोप मोडते, मुलांवर विनाकारण चिडचिड होते, जेवण नकोसे वाटते. ही लक्षणे तीन-चार दिवस राहिली तर सराव कमी करायचाच. अशा वेळी स्ट्राव्हा ॲपवर दुसऱ्याची शंभर किलोमीटरची राइड पाहणे शक्यतो टाळावे. त्या माणसाची झोप, त्याचे वय, त्याच्या घरी स्वयंपाक कोण करते, यांतले काही त्या नकाशावर दिसत नाही.

स्वयंपाकाचा उल्लेख आला आहे तर तो तसाच पुढे नेतो, कारण यावर बोलायचे टाळले जाते. अर्ध-आयर्नमॅनच्या तयारीला आठवड्याला आठ ते बारा तास लागतात. पूर्ण अंतराच्या तयारीत शिखराच्या आठवड्यांत पंधराच्या घरात. हे तास कुणाच्या तरी वाट्यातून येतात. पहाटे पाचला बाहेर पडणाऱ्या पुरुषाचा डबा बहुतेक घरांत दुसरे कुणीतरी भरून ठेवते. पहाटे पाचला बाहेर पडणाऱ्या बाईला आधी चारला उठून पोळ्या कराव्या लागतात, आणि मग अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने धावायचे की नाही हे ठरवावे लागते. तिचा सराव सुटला तर त्याला सातत्याचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या घरात हा खेळ यावा त्या घरात आठवड्याचा तक्ता फ्रिजवर सगळ्यांना दिसेल असा लावावा, आणि सराव करणाऱ्याइतकेच मोकळे तास दुसऱ्या माणसालाही मिळावेत, मग ते त्याने झोपण्यात घालवले तरी. रविवारची लांब राइड साडेपाचला सुरू करून दहाच्या आत घरी यावे. हा शिष्टाचार पाळणारे लोक या खेळात दहा-दहा वर्षे टिकलेले मी पाहतो. बायकांनी एकत्र धावण्याचे, पोहण्याचे गट आता अनेक शहरांत उभे राहिले आहेत. ठरलेल्या कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढ्या एका गोष्टीने जितकी माणसे अंथरुणातून उठतात तितकी दुसऱ्या कशाने उठत नसतील.

महाराष्ट्रात या खेळाची ओळख वाढली ती माणसांमुळेच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झ्युरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, दोन वर्षांनी पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समधली. पुण्याचे जलतरणपटू कौस्तुभ राडकर यांनी पुन्हा पुन्हा हे अंतर पार करत इतरांनाही तयार केले. आज कोल्हापूर, नाशिक, पुणे इथल्या डॉक्टरांत, शिक्षकांत, व्यापाऱ्यांत पूर्ण अंतर केलेली माणसे सहज भेटतात.

पण माझ्यासमोर या विषयावर बोलताना सतत असतो तो जपानचा हिरोमु इनादा. साठीच्या सुमारास आजारी पत्नीची शुश्रूषा करण्यासाठी त्याने नोकरी सोडली आणि स्वतःची तब्येत राहावी म्हणून पोहायला जाऊ लागला. पहिली ट्रायथलॉन सत्तरीत. २०१५ मध्ये हवाईत तो १७ तासांची मर्यादा काही सेकंदांनी चुकला. नियमाने ती स्पर्धा अपूर्ण. पुढच्या वर्षी, ८३ व्या वर्षी, तो परत गेला आणि वेळेत पोहोचला. २०१८ मध्ये ८५ व्या वर्षी पुन्हा, वेळ संपायला सहाएक मिनिटे उरली असताना. शर्यत हुकल्यानंतरच्या ज्या सकाळी तो पुन्हा सरावाला गेला असेल, तिच्याबद्दल मला त्याच्या विक्रमाहून अधिक कुतूहल आहे.

स्पर्धेनंतरच्या सकाळीही तशाच अवघड असतात. गळ्यात पदक येते, फोटो निघतात, आणि पुढच्या मंगळवारी कशासाठी उठायचे ते कळत नाही. सहा महिने ज्या तारखेकडे बघत चाललो ती मागे पडलेली असते. अनेक जण इथेच थांबतात आणि वर्षभराने पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. त्यासाठी शेवटून दुसरे प्रकरण आहे: स्पर्धेनंतरचे पहिले दोन आठवडे घड्याळाशिवाय, तक्त्याशिवाय, वाटेल ते करावे, मग आठवड्यातल्या फक्त तीन वेळा पक्क्या कराव्यात आणि थंडीभर तेवढ्याच राखाव्यात. मालवणात त्या काळात एखादी छोटी शर्यत असतेच.

हे पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात हृदयरोग किंवा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ही औपचारिकता समजू नये. पहिल्या प्रकरणात सरावाचा तक्ता मुद्दाम दिलेला नाही. तिथे रिकाम्या ओळींची चौदा पाने आहेत. दोन आठवडे नवे काहीही सुरू न करता रोज एवढेच लिहायचे: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, दिवसात कोणता तास खरोखर माझ्या हातात होता, घरी त्या वेळी कुणाला माझी गरज होती. ती पाने भरली की दुसऱ्या प्रकरणातला तक्ता त्या तासांवर बसवायला घ्यावा, पेन्सिलीने.